वाचकांचे प्रश्न : पर्वताच्या ओल्या आणि कोरड्या बाजू

प्रश्न : आम्हा दोघांना 16 दिवसांची सुट्टी मिळणार आहे. वाळवंट, हिमनदी, घनदाट वर्षावन आणि समुद्रकिनारा हे सगळे एकाच सहलीत पाहावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. यादी करायला बसलो, तर तीन खंडांतली सात ठिकाणे झाली आणि त्यातले एकही गाळावेसे वाटत नाही. अशा सहलीची आखणी कुठून सुरू करावी?

उत्तर : आपल्या यादीतली ठिकाणे चुकीची नाहीत, मात्र ती निवडण्याची रीत चुकली आहे. प्रत्येक भूदृश्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आपण वेगवेगळ्या खंडातून उचललेला दिसतो, आणि म्हणून त्यांच्यामधली सगळी अंतरे विमानाने तोडावी लागणार आहेत. सात ठिकाणे म्हणजे मधले सहा प्रवास. सामान आवरणे, खोली सोडणे, विमानतळावर वाट पाहणे आणि नव्या गावी पुन्हा बस्तान बसवणे यांत प्रत्येक वेळी जवळजवळ एक दिवस जातो. जाण्यायेण्याचे दिवस वजा केले, तर आपल्याकडे प्रत्येक ठिकाणासाठी सव्वा दिवसही उरत नाही.

जमिनीच्या रूपातला विरोध पाहण्यासाठी इतके लांब जावे लागत नाही, कारण तो बहुतेक वेळा एखाद्या डोंगररांगेमुळेच निर्माण झालेला असतो. समुद्रावरून येणारे ओले वारे पर्वताला अडून वर चढतात, थंड होतात आणि त्याच बाजूला पाऊस पाडून मोकळे होतात. पलीकडची बाजू, जिला आपण शाळेत पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून शिकलो, ती कोरडी राहते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सदर्न आल्प्स ही रांग पश्चिमेच्या वाऱ्यांना आडवी उभी आहे. तिच्या पश्चिमेला मिलफर्ड साउंड या उभ्या कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीपाशी वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांच्या आत असलेल्या अलेक्झांड्रा या गावी तो साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून मी खंड निवडण्याऐवजी एक पर्वतरांग निवडतो आणि ती आडवी ओलांडतो.

याच बेटावर क्राइस्टचर्च या शहरातून निघून आधी पूर्वेकडचा पिवळ्या गवताचा कोरडा प्रदेश आणि 3724 मीटर उंचीच्या आओराकी अर्थात माउंट कुकचा पायथा पाहावा. मग हास्ट खिंडीने पश्चिमेच्या ओल्या जंगलात उतरावे, तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ या हिमनद्यांपर्यंत जावे आणि आर्थर्स पास या 920 मीटर उंचीच्या खिंडीतून पुन्हा क्राइस्टचर्चला यावे. सगळे वर्तुळ असल्यामुळे गेलेल्या रस्त्याने परतावे लागत नाही. या हिमनद्या समुद्रापासून फार दूर नाहीत आणि त्यांच्या पायथ्याशी दाट जंगल आहे. त्या बऱ्याच मागे हटल्या असल्यामुळे आता पायथ्यापासून चालत बर्फावर जाता येत नाही, हे मात्र मनात धरून जावे.

एक उणीव सांगितली पाहिजे : तेथे खरे वाळवंट नाही. वाळूच्या टेकड्या पाहायच्याच असतील, तर कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा ही रांग अधिक योग्य ठरेल. तिच्या पश्चिम उतारावर महाकाय सिक्वोया वृक्षांची वने आहेत, आणि पूर्वेला पर्जन्यछायेत डेथ व्हॅली आहे, जिचा तळ समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली आहे. 4421 मीटर उंचीचे माउंट व्हिटनी या तळापासून सरळ रेषेत सुमारे 136 किलोमीटरवर आहे. नकाशावर हे सगळे हाताशी असल्यासारखे दिसते, आणि नेमकी येथेच माणसे फसतात. पर्वताच्या सर्वांत उंच भागातून पलीकडे नेणारा एकही मोटाररस्ता नाही, त्यामुळे उत्तरेच्या टायोगा खिंडीपर्यंत जावे लागते किंवा दक्षिणेकडून मोठा वळसा घ्यावा लागतो. टप्प्यांमधली अंतरे किलोमीटरांत न मोजता गाडीच्या तासांत मोजावीत, ती यासाठीच.

यानंतर महिना ठरवावा लागतो, आणि मला वाटते की अशा सहलीतला खरा अवघड निर्णय हाच आहे. प्रत्येक भूदृश्याचा हंगाम वेगळा असतो आणि आपल्याला त्या सर्वांचा सामाईक काळ शोधायचा असतो. टायोगा खिंड 3031 मीटर उंचीवर असून साधारणपणे नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बर्फामुळे बंद असते. ती उघडते तेव्हा डेथ व्हॅलीत उन्हाळा सुरू झालेला असतो, आणि तेथे जुलैतले दुपारचे सरासरी तापमान 47 अंशांच्या आसपास असल्यामुळे उन्हात पायी हिंडणे जिवावर बेतू शकते. दोन्ही ठिकाणे सुसह्य आणि खुली असण्याचा काळ म्हणून बहुधा ऑक्टोबर उरतो. पण याच रांगेतल्या योसेमिटी दरीचा मोठा धबधबा वितळणाऱ्या बर्फावर चालतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पुष्कळदा आटतो, त्यामुळे ऑक्टोबर निवडला की त्याच्यावर पाणी सोडावे लागते. प्रत्येक ठिकाणासमोर बारा महिन्यांची ओळ काढून चांगले महिने रंगवा. ज्याचा हंगाम सर्वांत तोकडा, त्यावरून तारखा ठरवा, आणि जे ठिकाण त्या तारखांत बसत नाही ते याच वेळी मनातून काढून टाका.

16 दिवसांतले जाण्यायेण्याचे दिवस सोडून मी चार मुक्काम धरीन, प्रत्येकी तीन रात्रींचे, आणि उरलेल्या दोन रात्री मोकळ्या ठेवीन. सगळ्यांना समान वाटणी करण्याची मात्र गरज नाही. वाळवंटातले आकाश बहुतेक वेळा स्वच्छ मिळते, तेथे दोन रात्री पुरतात. ढगांत दडणाऱ्या शिखरांना आणि पावसाळी किनाऱ्यांना ती तिसरी रात्र द्यावी.

प्रश्न : आमच्या कार्यक्रमात पहिले चार दिवस समुद्रात स्कुबा डायव्हिंग आहे आणि पाचव्या दिवशी सकाळच्या विमानाने आम्ही थेट साडेतीन हजार मीटरच्या आसपासच्या एका पठारी शहरात उतरणार आहोत. सोबत साठी ओलांडलेले वडील आहेत. ते पाण्यात उतरणार नाहीत. आयोजक म्हणतात की काही अडचण नाही. आपले मत काय?

उत्तर : माझ्या मते यात दोन अडचणी आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पाण्याखालच्या दाबामुळे श्वासातला नायट्रोजन वायू शरीरात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, पण तो पुरता निघण्यापूर्वी बाहेरचा दाब एकदम घटला तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून एकाच साध्या बुडीनंतर किमान 12 तास, आणि लागोपाठ अनेक बुड्या किंवा अनेक दिवस डायव्हिंग केल्यास किमान 18 तास विमानात बसू नये, असा प्रचलित संकेत आहे. वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागणाऱ्या खोल बुड्यांनंतर त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. आपल्याबाबतीत मी पूर्ण 24 तास सोडीन, म्हणजेच चौथ्या दिवशी सकाळपासून पाण्याखाली जाणार नाही. मोटारीने उंच घाट चढणाऱ्यालाही हीच काळजी लागू आहे, कारण शरीराला विमान आणि घाट यांतला फरक कळत नाही.

दुसरी अडचण उंचीची आहे. सुमारे 2500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे पोहोचल्यानंतर काही तासांनी दिसू लागतात, त्यामुळे पहिल्या दुपारी बरे वाटले यावर विसंबू नये. वय कमी असणे किंवा व्यायामाची सवय असणे हे यापासून संरक्षण नव्हे. निर्णायक असते ती रात्री झोपण्याची उंची. 3000 मीटरच्या वर ती दररोज 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर थांबावे, असे तज्ज्ञ सांगतात.

विमानाने एकदम उंचावर उतरावेच लागत असेल, तर पेरूमध्ये जाणकार प्रवासी करतात तसे करावे. तिथले कुस्को शहर सुमारे 3400 मीटरवर आहे, पण विमानतळावरून ते तडक उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरतात, जे सुमारे 500 मीटर खाली आहे. माचू पिच्चू तर 2430 मीटरवरच आहे. म्हणजे ते आधी पाहून कुस्कोचा मुक्काम शेवटी ठेवला, तर शरीराला आठवडाभराची सवय झालेली असते. आपल्या कार्यक्रमातही पठारी शहराजवळची एखादी खोलगट दरी शोधावी आणि पहिल्या दोन रात्री तेथे काढाव्यात. वडिलांना हृदयाचा किंवा श्वसनाचा काही विकार असल्यास, तसेच असिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध घ्यावे की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. लक्षणे वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे.

प्रश्न : चार प्रकारच्या हवामानांसाठी चार प्रकारचे कपडे न्यायचे, तर सामान किती होईल याची धास्ती वाटते.

उत्तर : चार प्रकारचे कपडे लागत नाहीत. उंची दर 1000 मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. वाळवंटातही कोरड्या, निरभ्र हवेमुळे जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते, म्हणजे ज्या स्वेटरची गरज शिखराजवळ लागते तोच वाळवंटातल्या पहाटेलाही उपयोगी पडतो. अंगालगतचा लवकर वाळणारा कपडा, त्यावर एक उबदार आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट, असे एकावर एक चढवता-उतरवता येणारे तीन थर सगळीकडे चालतात. जड जीन्स मात्र घरीच ठेवावी. वर्षावनात भिजली की ती दोन दिवस वाळत नाही.

प्रश्न : आम्ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या सहलीत मिलफर्ड साउंड शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवले आहे, म्हणजे सर्वोत्तम दृश्य डोळ्यांत घेऊन परत फिरता येईल. त्या दिवशी पाऊस लागला तर सगळेच वाया जाईल का?

उत्तर : पावसाची भीती नको, कारण तेथे वर्षातले निम्मे दिवस तरी पाऊस असतोच. उलट मोठ्या सरीनंतर त्या उभ्या कड्यांवरून असंख्य तात्पुरते धबधबे कोसळू लागतात आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत नाहीसे होतात; माझ्या मते ते दृश्य निळ्या आकाशापेक्षा सरस आहे. मला खटकते ती शेवटच्या दिवसाची निवड. क्वीन्सटाउन या गावाहून मिलफर्ड सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटर असले, तरी रस्त्याने ते जवळजवळ 290 किलोमीटर पडते आणि एका दिशेलाच चार तास लागतात. ते अनेकांना एका दिवसात जाऊन येण्याजोगे वाटते, आणि ते परततात तेव्हा त्यांना रस्त्याखेरीज फारसे काही आठवत नाही. शिवाय जाण्यायेण्याचा रस्ता एकच आहे, आणि हिवाळ्यात व वसंतात हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे तो मधूनमधून बंद ठेवावा लागतो. तो ज्या दिवशी बंद होईल त्याच रात्रीचे आपले परतीचे विमान असू नये. मिलफर्ड सहलीच्या मध्यावर घ्यावे, नकाशावर अंगठ्याएवढे दिसणारे ते अंतर तोडण्यासाठी आदल्या रात्री ‘ते अनाऊ’ नावाच्या गावी मुक्काम करावा, आणि शेवटची रात्र विमानतळाच्या शहरातच घालवावी, मग ते शहर कितीही नीरस असो.