हाक मारली की पळणारं पिल्लू

"ताई, आता प्रार्थनेला बसायचीच लाज वाटते. तीच चूक, तीच माफी, परत तीच चूक. देव तरी किती वेळा ऐकून घेईल?"

समुपदेशनाला येणाऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांकडून हा प्रश्न मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे. या वेळी तो विचारणारे चाळिशीतले शेतकरी होते. (त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) त्यांची चूक म्हणजे राग. मुलावर ओरडायचे, कधी हातही उचलायचे. रात्री रडून कबुली द्यायचे आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. तीन महिने प्रार्थना बंद होती. उपासनेला मागच्या बाकावर बसायचे आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जायचे.

पहिल्या भेटीत मी त्यांच्यापुढे क्षमेची वचनं ठेवली. ती सगळी त्यांना पाठ होती. मी घाई केली होती.

दुसऱ्या भेटीला आले तेव्हा मनगटावर ओरखडे होते. राखणीसाठी सात महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू पाळलंय, म्हणाले. "हाक मारली की पळतं. खुराड्यामागं जाऊन बसतं. धरायला गेलो तर हे असं."

"आधीपासूनच असं होतं?"

"नाही हो. आधी नाव घेतलं की धावत यायचं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पिल्लानं कोंबडी मारली. यांना ती दुपारी सापडली. यांनी हाक मारली, पिल्लू शेपूट हलवत आलं आणि यांनी काठी चालवली. असं तीन-चारदा घडलं.

कुत्र्याला शिक्षेचा संबंध फक्त त्याच क्षणी चाललेल्या गोष्टीशी लावता येतो. सकाळची कोंबडी त्याच्या लेखी कधीच संपलेली असते. काठी बसली तेव्हा ते मालकाकडे येत होतं, म्हणून येणं हाच त्याचा गुन्हा ठरला. कान पाडून नजर चुकवणाऱ्या कुत्र्याला आपण अपराधी समजतो, तेही बहुतेकदा खरं नसतं. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 च्या प्रयोगात काहीच न केलेल्या कुत्र्यांवर मालक रागावले, तरी त्यांचे चेहरे तसेच झाले. ते चेहरे रागाला घाबरलेले होते.

हे ऐकून ते गप्प झाले. मी विचारलं, "देव तुम्हाला हाक मारतो, तेव्हा त्याच्या हातात काय दिसतं?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "काठी. वडील 'इकडे ये' म्हणाले की माझ्या पोटात गोळा यायचा."

त्या दिवशी आम्ही बायबलमधल्या उत्पत्तीचा तिसरा अध्याय उघडला. देवाची आज्ञा मोडून आदाम झाडांमध्ये लपलेला असतो आणि देव विचारतो, तू कुठे आहेस? परिणाम पुढे येतातच. पण त्याच अध्यायात देव त्या दोघांसाठी कातड्याची वस्त्रं करून त्यांना घालतो. मग लूकच्या पंधराव्या अध्यायातला, बापाची संपत्ती उधळून घरी परतणारा धाकटा मुलगा. मला चाकरासारखं ठेवा, हे वाक्य त्यानं वाटेतच तयार केलेलं असतं. ते बोलून होण्याआधीच बाप उत्तम झगा आणायला सांगतो. हे वाक्य राहून गेलेलं त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

एका गोष्टीवर मात्र मी अडून राहिले. देवाची क्षमा हे मुलाच्या भीतीवर घालायचं पांघरूण नव्हे. आम्ही त्यांच्या पत्नीलाही बोलावलं. राग चढला की त्यांनी घराबाहेर पडायचं. पत्नी 'थांबा' म्हणाली की थांबायचं. हात उचललाच, तर त्याच दिवशी मला कळवायचं. आणि मुलासमोर बसून, कारणं न देता, 'माझं चुकलं' म्हणायचं.

पिल्लासाठीही तसंच ठरलं. खुराड्याला जाळी लावायची. पिल्लाला लांब दोरीवर ठेवायचं, म्हणजे कोंबडीपर्यंत ते पोचणारच नाही. रागात असताना त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि आलं की फक्त माया करायची. दोरी बघून त्यांनी विचारलं, "ही शिक्षाच ना?" मला इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय आठवला. शिस्त त्या वेळी दुःखाची वाटते, पण पुढे शांतीचं फळ देते. काठी झालेल्या चुकीचा हिशेब मागते. दोरी पुढची चूक होऊ देत नाही. देवाच्या शिस्तीचा मला कळलेला अर्थ या दोरीच्या जवळचा आहे.

सहाव्या आठवड्यात ते आले. मधे एकदा ओरडले होते, हात मात्र उचलला नव्हता. मुलगा अजून चार हात लांबच उभा राहतो, म्हणाले. त्याला वेळ लागेल, हे त्यांना मान्य होतं.

"आणि पिल्लू?"

"काल बांधावर नुसता बसलो, ताई. हाकही मारली नाही. मागून आलं आणि कोपराला नाक लावलं. मी हात हलवला तर दचकलं, पण पळालं नाही." जरा थांबून म्हणाले, "मग मी तिथंच बसून बोलायला लागलो. पिल्लाशी नाही."