लातूरच्या उन्हात 1967ची एमजीबी: आधी त्यातलं बोअरचं पाणी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला 1967ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आली आहे, स्पोकची चाकं आहेत, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) आहे, एप्रिल लागला की गर्दीत तापमानाचा काटा वर चढतो. मोठा अॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि रुंद टायर टाकावेत का, आणि ऑइल-कूलंट कोणतं भरावं?

माझ्याकडे 1966ची आहे. मामांनी मुंबईहून दिली, संभाजीनगरला आणून 14 वर्षं झाली आणि या 14 वर्षांत तिच्यावर करायच्या त्या सगळ्या चुका माझ्या करून झाल्यात. म्हणून आधीच सांगतो, रेडिएटरची ऑर्डर देऊ नका. ही गाडी इंग्लंडातल्या अॅबिंग्डनला बनली खरी, पण पाच लाखांवर बनल्या त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, कॅलिफोर्निया-टेक्साससुद्धा त्यात आलं. ऑस्ट्रेलियात तर तिची जुळणीच होत होती. ऊन तिला नवं नाही. तिला नवं आहे ते आपलं पाणी.

लातूरकरांना पाण्याचं मी काय सांगणार! 2016ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं तुम्ही पाहिलंय. अशा गावात रेडिएटरमध्ये कोणी डिस्टिल्ड वॉटर ओतत बसलं असेल असं मला वाटत नाही. जे हाताशी आलं ते भरलं गेलं, म्हणजे बोअरचं. अंघोळीच्या बंबात आतून जो पांढरा थर धरतो ना, तोच थर इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत धरलेला असतो. बंब फोडून साफ करता येतो, इंजिन ब्लॉकचं तसं नाही.

माझ्या गाडीत ब्लॉकच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, पाणी सोडायचा छोटा नळ आहे. तुमच्याही असेल. पहिल्यांदा तो उघडला तर थेंबही आला नाही. मला वाटलं पाणीच संपलंय. मग सायकलच्या स्पोकचा तुकडा आत घालून दहा मिनिटं खरवडलं तेव्हा आधी चहाच्या चोथ्यासारखा लाल गाळ आला, मग पांढऱ्या पापडीचे तुकडे, आणि मग भसकन पाणी. त्या गाळाने शेवटच्या सिलिंडरभोवतीची जागा भरली होती. तिथे पाणी पोचतच नव्हतं, मग रेडिएटर कितीही मोठा टाकला असता तरी काय होणार होतं?

तर क्रम असा. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून, वरचा-खालचा पाइप सोडून ब्लॉक आणि रेडिएटर वेगवेगळे, उलट्या दिशेने धुवा. हीटर असेल तर तोही. रेडिएटरमधून पाणी खळखळ न येता रेंगाळत उतरत असेल तर तो ट्रॅक्टरचे रेडिएटर करणाऱ्याकडे न्या. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या गावात असा माणूस आहे, आणि पितळी टाक्या, तांब्याची कोअर (मधल्या नळ्यांची जाळी) हे काम त्याच्या हातातलं आहे. नवी कोअर टाकून तुमच्याच टाक्या परत बसवेल. अॅल्युमिनियमचा रेडिएटर वाईट नसतो, पण गळायला लागला तर वाटेत केजसारख्या गावात त्याला कोण डाग देणार?

मिस्त्री थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकायला सांगेल. सगळेच सांगतात. ऐकू नका. थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा ठरवतो, वरची नाही. एकदा तो पूर्ण उघडला की त्याचं काम संपलं. काढून टाकलात तर डिसेंबरच्या सकाळी इंजिन गरमच होणार नाही. या इंजिनाला 82 अंशांचा नेहमीचा, 74चा गरम देशांसाठी आणि 88चा थंड देशांसाठी, असे तीन यायचे. तुम्ही 74चा घ्या.

कूलंट साधा हिरवा, इथिलीन ग्लायकॉलचा, जुन्या पद्धतीचा. नारिंगी-गुलाबी, दीर्घायुषी म्हणून मिळतात त्यांतल्या काहींचं जुन्या डागाच्या शिशाशी पटत नाही, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, म्हणून अर्धं-अर्धं करायची गरज नाही. ग्लायकॉल जितकं जास्त तितकी उष्णता वाहून न्यायची ताकद कमी. एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. गाडीत सगळं मिळून साडेपाच लिटरच्या आसपास मावतं. गळ्यापर्यंत भरू नका. ती जास्तीचं पाणी फेकते आणि आपली पातळी आपणच ठरवते. मी वर्षभर ते फेकलेलं पाणी बघून हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) गेलं म्हणून झोप घालवली होती.

काट्याचंही सांगतो. आपल्या पठारावर साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीला साधं पाणी 98 अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं 7 पौंड दाबाचं झाकण धड असेल तर त्यात साधारण 12 अंशांची भर पडते, कूलंटने अजून थोडी. म्हणजे 110च्या पुढे जाईपर्यंत उकळणार नाही. जुन्या मीटरवर आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. काटा 200ला गेला म्हणजे 93 अंश. मे महिन्यात बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना तो तिथे जाणारच, गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायची गरज नाही. तिथून खाली येतच नसेल तर मात्र आधी इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघा. मागे पडलेलं टायमिंग इंजिन तापवतं. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्याच उसाचं, तक्रार कुठे करणार! त्याने पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, म्हणून दोन्ही एसयू कार्ब्युरेटर थोडे रिच (पेट्रोल जरा जास्त) करून घ्या आणि पेट्रोलच्या सगळ्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. हे काम पुढे ढकलू नका, कारण नळी फुटते ती गरम एक्झॉस्टच्या वरच.

एवढं करूनही गर्दीत तापत असेल तरच इलेक्ट्रिक पंखा. इथे माझी फजिती ऐका. रेडिएटरच्या पुढे बसणारा, हवा मागे ढकलणारा 12 व्होल्टचा पंखा आणला. इलेक्ट्रिशियनने नेहमीसारखी काळी वायर बॉडीला लावली. पंखा फिरला, आवाज छान, आम्ही चहा पिऊन घरी. त्या आठवड्यात गाडी सिग्नलला पूर्वीपेक्षा जास्त तापायला लागली, आणि पंखा बंद केला की बरी! शेवटी वर्तमानपत्राचं एक पान जाळीसमोर धरलं. ते आत ओढलं जायला हवं होतं, उलट माझ्या तोंडावर आलं. 1967पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला असतं. पंखा उलटा फिरत होता आणि इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ओढत होता. दोन वायरी अदलाबदल केल्या, काम झालं. तुमचीही 67ची आहे, म्हणून पंखाच काय, मोबाइलचं चार्जर लावायच्या आधीसुद्धा बॅटरीची कोणती बाजू बॉडीला आहे ते डोळ्यांनी बघा.

दुसरं, तुमच्याकडे अल्टरनेटर नसून डायनामो असेल. तो जेमतेम 22 अँपिअर देतो, तेही इंजिन पळत असताना. रात्री हेडलाइट लावून गर्दीत पंखा चालला की सगळा भार बॅटरीवर. पंख्याला रिले, फ्यूज आणि वेगळं बटण द्या.

ऑइलचं फार लांबवत नाही. इंजिनात 20W-50 मिनरल, फिल्टरसकट सव्वाचार लिटर. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर सपाट टॅपेट घासतात, त्यांना ऑइलमधलं झिंक लागतं. हलक्या, आधुनिक ऑइलमध्ये ते कमी केलंय. 5W-30 सिंथेटिक कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी घेऊ नका. गरम इंजिनावर पळताना ऑइलचं प्रेशर 50 पौंडांच्या वर आणि आयडलिंगला 15-20 असेल तर निर्धास्त राहा.

गिअरबॉक्समध्येही तेच इंजिन ऑइल. हे मिस्त्रीला पटत नाही. गिअरबॉक्स म्हटलं की त्याचा हात 90 नंबरच्या डब्याकडे जातो. पण ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्याच ऑइलवर चालतो आणि 90 नंबरमधली एक्स्ट्रीम प्रेशर रसायनं त्याच्या क्लचला मानवत नाहीत. 90 नंबर फक्त मागच्या डिफरन्शिअलला. मी डब्यांवर मार्करने ‘पुढे’ आणि ‘मागे’ असं लिहून ठेवतो. ब्रेक आणि क्लचला डॉट 4 फ्लुइड, दर दोन वर्षांनी नवं. सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळायचं नाही.

टायरला तर तुमचं नशीब जोरावर आहे. हिला 165 आर 14 साइजचे रेडिअल बसतात. आपल्या गल्लीतल्या जुन्या स्विफ्ट-डिझायरला लागणारं 165/80 आर 14 तेच. लातूरच्या कुठल्याही दुकानात मिळेल. 185चे रुंद टायर टाकून मी पाहिले: पॉवर स्टिअरिंग नाही, गाडी पार्क करताना दंड भरून येतात, आणि मागचा डावा टायर वळणावर आत घासायचा. सहा महिन्यांत विकले. टायर घेताना कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2325 म्हणजे 2025चा 23वा आठवडा. आपली गाडी महिन्यातून दोनदा निघते, नक्षी झिजायच्या आधी उन्हाने कडा तडकतात, म्हणून नक्षी कितीही दिसली तरी सहा वर्षांनी बदला.

स्पोकच्या रिमला ट्यूब लागतेच. टायरवर ट्यूबलेस लिहिलंय म्हणून दुकानदार ट्यूब नको म्हणेल, पण हवा स्पोकच्या भोकांतून जाणार. ट्यूब घालण्याआधी रिमच्या आत बोट फिरवा, स्पोकचं टोक कुठे वर आलं असेल तर घासून सपाट करा, वरून रबरी पट्टी, मग संगजिरा लावून ट्यूब. हवा पुढे 22, मागे 24. सांगितलं नाहीत तर 35 भरून देतात आणि बीडपर्यंत मणके मोजता येतात.

चाक काढताना दुकानात उभे राहा. मधला कानवाला नट एका बाजूला उजव्या आट्याचा, दुसऱ्या बाजूला डाव्या आट्याचा असतो. माझ्याकडे एका पंक्चरवाल्याने लोखंडी हातोड्याने उजवीकडचा नट उलट दिशेने इतका आवळला की दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून सोडवला, आणि क्रोम गेला तो गेलाच. नटावर ‘अनडू’ असं इंग्रजीत आणि बाण कोरलेला असतो. तांब्याचा हातोडा डिकीत ठेवा आणि पहिला घाव स्वतः घाला.