दंतवैद्यकाचे विद्यार्थी विचारतात : कोटा पूर्ण झाला, तरी धीर का होत नाही?

प्रश्न : अंतिम वर्ष संपत आलं. कोटा (ठरवून दिलेली कामांची संख्या) पूर्ण आहे, गुणही बरे आहेत. तरी एकट्याने पेशंट पाहायचा म्हटलं की छातीत धडधडतं. माझी तयारी कमी आहे, की ही नुसती भीती?

तयारी एकसलग नसते, म्हणून आधी तिचे तुकडे पाडा. वहीत प्रत्येक कामापुढे तीन रकाने आखा : पाहिलं, मदतीने केलं, एकट्याने निभावलं. कोट्याच्या सहीत हे तिन्ही एकाच भावाने मोजले जातात, आणि घोळ तिथेच होतो. दाढेच्या पाच रूट कॅनलवर तुमची सही आहे. पण अ‍ॅक्सेस (दाताच्या आत शिरायचं भोक) सरांनी मोठा करून दिला असेल, वर्किंग लेंग्थ (मुळात किती आत जायचं ती लांबी) त्यांनीच ठरवली असेल, तर तुम्ही फक्त फाइल (मुळाची नळी साफ करणारी बारीक कानस) फिरवली. निर्णय तुमचा नव्हता, आणि धडधड होते ती निर्णयाच्या जागी.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा : बिघडलं तर काय करायचं? हिस्टरी, स्केलिंग, साधं फिलिंग यांत बहुतेकांना धीर असतो, कारण तिथली चूक सहसा सावरता येते. मूळ तुटलं, फाइल अडकली, दाढेच्या तळाला भोक पडलं, की पुढची पायरी माहीत नसते. ज्या कामांपुढे हा रकाना कोरा राहील, तेवढीच यादी घेऊन शिक्षकांकडे जा. ‘मला भीती वाटते’ यावर कुणाला फारसं काही करता येत नाही. ‘मूळ तुटल्यावर फ्लॅप (हिरडीचा पडदा) कधी उचलायचा ते ठरवता येत नाही’ असं म्हटलंत, तर ते शिकवता येतं.

प्रश्न : खालच्या दाढेसाठी दिलेला ब्लॉक (त्या बाजूची नस बधिर करणारं इंजेक्शन) माझ्या हातून बरेचदा लागत नाही. पेशंट कळवळला की पुढचं सगळंच बिघडतं.

ब्लॉक फसतो तो बहुधा हाडाशी झालेल्या गैरसमजातून. लांब सुई घ्या, 25 किंवा 27 गेज जाडीची. अंगठा कोरोनॉइड नॉचवर (जबड्याच्या उभ्या हाडाच्या पुढच्या कडेवरच्या खोलगट जागी), सिरिंजची नळी विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवर (सुळा आणि दाढा यांमधल्या दातांवर), टोचण्याची जागा खालच्या दाढांच्या पातळीपासून 6 ते 10 मिमी वर. साधारण 20 ते 25 मिमी आत गेल्यावर हाड लागायला हवं.

अर्धी सुईही गेली नाही आणि हाड लागलं, तर टोक फार पुढे आहे. सुई जराशी मागे घ्या, नळी पुढच्या दातांकडे वळवा, आत सरकवा आणि मग नळी पुन्हा प्रीमोलरवर आणा. हाड लागलंच नाही, तर टोक मागे निसटलंय. सुई मागे घेऊन नळी विरुद्ध बाजूच्या दाढांकडे न्या. हाड न लागता औषध सोडू नका. ते पॅरोटिडमध्ये (कानापुढच्या लाळग्रंथीत) गेलं तर त्या बाजूचा चेहरा काही तास लुळा पडतो, पापणी मिटत नाही. असं झालंच तर पेशंटला धीर द्या, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायला सांगा आणि पापणी बंद ठेवून डोळा जपा.

हाड लागलं की 1 मिमी मागे, अ‍ॅस्पिरेशन (रक्त येत नाही ना हे पाहायला दट्ट्या जरा मागे ओढणं), मग दीड मिली औषध किमान मिनिटभर घेऊन. घाईने सोडलेलं औषध दुखतं. सुई मुळापर्यंत रुतवू नका. ती मोडते बहुधा हबपाशी (सिरिंजला जोडलेल्या बुडाशी), आणि मग बाहेर पकडायला काहीच उरत नाही.

आता पाच मिनिटं थांबा. ओठ बधिर झाला म्हणजे पल्प (दाताच्या आतला जिवंत गाभा) बधिर झाला असं नव्हे, विशेषतः दाढ रात्रभर ठणकत असेल तेव्हा. ड्रिल लावण्याआधी थंड टेस्ट करून, म्हणजे दाताला गार लावून, पाहा. कळ आली तर गालाच्या बाजूने आर्टिकेन (बधिर करणारं औषध) किंवा इंट्रालिगामेंटरी (दात आणि हाड यांमधल्या फटीत) इंजेक्शन द्या. ओठच बधिर नसेल तर ब्लॉक चुकला आहे, तो पुन्हा द्यावा लागेल. दात काढायचा असल्यास लाँग बक्कल (गालाकडची हिरडी बधिर करणारं इंजेक्शन) विसरू नका. ‘ओठ बधिर झाला का?’ आणि ‘दात बधिर झाला का?’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत, तरी पेशंट अचानक कळवळण्याचे प्रसंग खूप कमी होतील.

प्रश्न : फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) अ‍ॅक्सेस सुबक येतो, तोंडात मात्र दिशा चुकते.

फँटमवरचे दात सरळ रांगेत असतात. खऱ्या तोंडात पुढची दाढ आधीच काढलेली असेल, तर मागची पुढे कललेली असते. बर (ड्रिलचं टोक) जमिनीला काटकोनात धरला की मेसिअल (पुढच्या) भिंतीतून बाहेर पडतो. एक्स-रेवर दाढेचा अक्ष पेन्सिलने आखा. कस्पच्या (दाढेवरच्या उंचवट्याच्या) टोकापासून पल्प चेंबरच्या (पल्पच्या पोकळीच्या) छतापर्यंतचं अंतर मोजा, दाढेत ते बहुधा 6 मिमीच्या आसपास भरतं, आणि तेवढी खूण बरवर करा. खुणेपर्यंत जाऊनही बर पोकळीत ‘पडला’ नाही, तर तिथेच थांबा आणि एक्स-रे घ्या. दात फारच तिरका असेल तर अक्ष नीट दिसावा म्हणून अ‍ॅक्सेस रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) न लावता सुरू करा. पहिली फाइल आत घालण्यापूर्वी मात्र डॅम लागलेला हवा. सरावासाठी काढलेले खरे दात प्लास्टरमध्ये मुद्दाम वाकडे बसवा, आणि वरच्या दाढा फक्त आरशातून पाहत करा.