साताऱ्याच्या आसपास डोंगरावरचे जुने सर्व्हेचे दगड शोधत फिरता येतं का? सुरुवात कुठनं करायची?

येतं की. मी गेली सहा-सात वर्षं हेच करतोय. रविवारी सकाळी बूट घालायला लागलो की बायको विचारते, आज कुठला दगड?

तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या जिओकॅशिंगच्या (कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसवर शोधायचा खेळ) व्हिडिओत लोक डोंगरमाथ्यावर सर्व्हेच्या पितळी चकत्या हुडकतात, तसं आपल्याकडं काय आहे का आणि डबा सापडतो का. डब्याचं आधी सांगून टाकतो, नाही सापडत. तो खेळच मुळात २००० सालचा, मे महिन्यात अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ओरेगॉनमध्ये एकानं झाडीत बादली लपवून तिच्या जागेचे आकडे (अक्षांश-रेखांश) नेटवर टाकले. आपल्याकडं असे डबे फार कमी, आणि गडावर वगैरे स्वतः डबा पुरायच्या भानगडीत तर पडूच नका. आपल्याकडं दगड आहेत, आणि मला विचाराल तर तेच भारी.

हे दगड कशाला बसवले ते कळलं की शोधायला निम्मं सोपं जातं. १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं जमिनीवर एक सरळ रेघ मोजून देशाची मोजणी सुरू केली, तिलाच पुढं ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे जीटीएस म्हणायला लागले (हा माणूस शेवटी आपल्या हिंगणघाटला १८२३ मध्ये वारला, तिथंच पुरलाय). पुढचं सगळं त्रिकोणांवर. एका डोंगरावरून दुसरे दोन डोंगर दिसले पाहिजेत, त्यांच्यातला कोन मोजायचा, की अंतर कागदावर निघतं. त्यासाठी अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांनी वर चढवायचा, आणि समोरच्या डोंगरावर दिवसा आरसा चमकवायचा नाहीतर रात्री दिवा लावायचा. जिथं यंत्र उभं केलं तिथं दगडावर एक गोल आणि मधोमध टिंब कोरायचं, आणि वर दगडांची रास रचून ते झाकून ठेवायचं. त्यामुळं नुसता उंच डोंगर बघू नका, चौफेर उघडा कुठला आहे ते बघा. आता सगळेच दगड तेवढे जुने नाहीत, नंतरचे पण पुष्कळ आहेत. आणि बेंचमार्क म्हणतात तो प्रकार वेगळा, तो उंचीचा, त्याच्यावर जीटीएस बीएम (बीएम म्हणजे बेंचमार्क) असं कोरलेलं असतं आणि तो बहुतेक खाली रस्त्याकडेला, पुलावर नाहीतर देवळाच्या जोत्यावर असतो. नागपूरच्या झिरो माईलला आहे तसला.

नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचाच घ्या, ५०,००० ला एक स्केलच्या ओपन सिरीजच्या शिटा त्यांच्या साइटवर मिळतात. त्यात जिथं छोटा त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा असेल तिथं दगड असायचा चान्स. नुसतं टिंब आणि आकडा असेल तर सोडून द्या, तिथं दगड बसवलेला नसतो. जुन्या शिटा कुणाकडं मिळाल्या तर सातारा शहर नेमकं ७४ अंश रेखांशापाशी बसलंय, म्हणजे ४७ जी आणि ४७ के या दोन शिटांच्या शिवणीवर, तेव्हा दोन्ही लागतात. आणि जुन्या शिटांनीच माझी पहिली फजिती केली.

कोरेगावच्या बाजूचा एक डोंगर होता, जानेवारीतला रविवार. जुन्या शिटेची झेरॉक्स होती, तिच्यावरनं आकडे काढून फोनमध्ये टाकले आणि ऑफिसमधल्या एका मित्राला घेऊन गेलो. फोननं आम्हाला नेऊन उभं केलं उतारावरच्या करवंदीच्या जाळीत. गवत कमरेएवढं, दोन तास आम्ही त्या जाळीला फेऱ्या मारतोय, हाताला ओरखडे, मित्र तर बोलायचाच बंद झाला होता. तेवढ्यात मेंढरं घेऊन एक धनगर बाबा आले. लांबनंच ओरडले, "काय पाव्हणं, पवनचक्कीची मापं घ्याय आलाय व्हय?" (चाळकेवाडी, वनकुसवड्याला पवनचक्क्या झाल्यापासनं साताऱ्याच्या डोंगरावर हातात फोन धरून फिरणारा माणूस दिसला की लोकांना पहिलं हेच वाटतं, त्यात त्यांचं काय चुकलं.) म्हटलं नाही बाबा, मोजणीचा जुना दगड बघतोय. "मग हितं काय करताय, त्यो तिकडं म्हसोबाच्या मागं हाय न्हवं!"

निघाला तिथंच. माथ्यावर, आम्ही होतो तिथनं शंभर-सव्वाशे मीटर वायव्येला. रास निम्मी उसकटलेली, तिचेच दगड म्हसोबाच्या ओट्याला लागलेले. बाबांनी करवंदीचा काटा मोडून घेतला, दगडावरची माती हातानं पुसली आणि त्या काट्यानं मधलं भोक कोरून साफ केलं, मक्याचा एक दाणा बसेल एवढंच. मग गोल दिसायला लागला. तिथं उभं राहिल्यावर अजिंक्यतारा, यवतेश्वर, जरंडेश्वर, चंदन-वंदन सगळे एका नजरेत, आणि यंत्र इथंच का आणलं असेल ते कुणी सांगायची गरजच राहिली नाही.

घरी आल्यावर शोधलं तेव्हा कळलं घोळ कुठं झाला. जुन्या शिटा पृथ्वीचा जो आकार धरून काढल्यात तो लॅम्बटननंतर मोजणी चालवणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० मध्ये ठरवलेला, आणि फोन चालतो डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जीपीएस पृथ्वीचा जो आकार धरतं त्यावर. आपल्या भागात दोन्हीत शंभर मीटरच्या वर फरक पडतो, आणि खरी जागा फोन दाखवतो त्याच्या वायव्येला येते. ओपन सिरीजच्या शिटांना ही भानगड नाही. जुनी शीटच वापरायची असेल तर आकडे आधी बदलून घ्या, फुकटची ॲप्स आहेत. आणि आकडे कितीही बरोबर असले तरी गावात आधी विचारा. "सर्व्हे" शब्द नका काढू, लोकांना वाटतं जमिनीला काहीतरी लागलं. मी सरळ सांगतो, छंद आहे, फोटो काढतो आणि जातो. हसतात, चहा पाजतात आणि वाट दाखवतात.

बाकी नेहमीचंच. पावसाळ्यात धुक्यात काही दिसत नाही, दिवाळी ते फेब्रुवारी बरं. गवतात काठी आपटत चला, फुरसं असतं. कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर गुपचूप मागं फिरा. कोयना, चांदोलीकडं व्याघ्र प्रकल्प आहे, तिकडं वनखात्याची परवानगी नसेल तर जाऊ नका.

त्या डोंगराचं नाव मात्र मी सांगणार नाही. दोन वर्षांनी परत गेलो तर दगडाच्या कडेला गुडघाभर खड्डा मारलेला, लिंबू, कुंकू पडलेलं. कोरलेला गोल बघितला की काही लोकांना वाटतं खाली गुप्तधन आहे. दगड एका बाजूला कलला होता, म्हणजे मोजणीच्या कामातनं तो गेला. कुणीतरी, बहुतेक बाबांनीच, खड्ड्यात परत धोंडे भरून ठेवले होते. तुम्ही शीट घ्या, कोरेगावच्या बाजूचे त्रिकोण बघा, म्हसोबा कुठं आहे ते गावात विचारा, सापडेल. फोटो टाकलात तर तेवढं लोकेशन काढून टाका.