तिला आधी झोपू द्या

सप्रेम नमस्कार,

तुमच्या मुलीची आई दोन वर्षांपूर्वी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. बारावीतल्या मुलीला या कर्करोगाचा आणि शरीराच्या घड्याळाच्या जनुकांचा संबंध शोधायचाय. तुम्हाला मात्र ती डॉक्टर व्हायला हवी, कारण "तिच्या आईची तीच इच्छा होती". शिवाय "रोज पहाटे चारला उठवूनही" गुण वाढत नाहीत.

गुणांचं नंतर बघू. मला आईच्या इच्छेचं ते वाक्य टोचलं. गेलेल्या आईशी वाद घालता येत नाही. सतरा वर्षांच्या पोरीने त्यापुढे बोलायचं काय? इच्छा तुमची असेल तर तुमची म्हणून सांगा, म्हणजे तिला निदान 'नाही' म्हणता येईल.

शेवटी तुम्ही लिहिता, "तिच्या रात्रपाळीनेच घात केला, मी नोकरी सोडायला लावायला हवी होती." हे ओझं खाली ठेवा. रात्रपाळीने शरीराचं जे झोप-जागेचं घड्याळ विस्कटतं, ते असं चालतं: क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिनं 'पिरियड' आणि 'क्रिप्टोक्रोम' नावाची जनुकं चालू करतात. या जनुकांपासून बनलेली प्रथिनं साठली की ती उलट क्लॉक आणि बीमॅल-१ यांनाच थोपवतात. हा फेरा साधारण २४ तासांचा. अंडाशयाच्या कर्करोगाच्या गाठींत यातल्या काही जनुकांचं काम मंदावलेलं दिसतं. पण घड्याळ बिघडल्यामुळे गाठ झाली, की गाठीने घड्याळ बिघडवलं, हे कोडं सुटलेलं नाही. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं, तेव्हा माणसांमधला पुरावा मुख्यतः स्तनांच्या कर्करोगाचा होता. अंडाशयाबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तुमच्या पत्नीला हा आजार रात्रपाळीनेच झाला, असं कुणीच म्हणू शकत नाही.

तुमची मुलगी नेमकं हेच कोडं उचलू पाहतेय. जीवशास्त्राची पदवी, पदव्युत्तर शिक्षण, पीएचडी आणि जोडीला पक्कं संख्याशास्त्र, असा तो रस्ता आहे. डॉक्टर होऊनही संशोधन करता येतं, पण ते तिने ठरवावं. आणि पहाटे चार बंद करा. या वयात झोपेचं घड्याळ मुळातच उशिराकडे सरकतं.

करिअरआधीचं एक काम तुमच्याकडे आहे. पत्नीची बीआरसीए जनुकांची (ज्यांतल्या दोषाने स्तनांच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) तपासणी झाली होती का? अंडाशयाचे सुमारे १५ ते २० टक्के कर्करोग आनुवंशिक असतात आणि असा दोष मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यांची फाइल घेऊन जनुकीय समुपदेशकाला भेटा. मुलीची तपासणी ती सज्ञान झाल्यावर, तिला हवी असेल तरच. पण फाइल या आठवड्यातच काढा.