आधी वही, मग फोटो

प्रिय पोरी,

आयुष्यभर चाळीतल्या लोकांची कामं करणाऱ्या आपल्या अण्णांच्या नावाने मंडळ काढायचं ठरलं आणि पहिली बैठक फोटो केवढा असावा यावरच संपली, असं तू लिहिलंस. लावा फोटो, भिंत कुठे पळत नाही. आधी वही आण.

दोनशे पानी फुलस्केप, लोकांच्या कामांची नोंद ठेवायला. रकाने आख: तारीख, नाव, खोली नंबर, काम, कार्यालय, आवक क्रमांक, पुढची तारीख. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, आणि दुसरीवर शिक्का मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. महिनाभर काही हललं नाही तर माहिती अधिकारात जा: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘कारवाई का झाली नाही’ असं विचारू नकोस, ‘का’ला उत्तर येत नाही. अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस होता, त्या नोंदीची प्रत माग.

मंडळाच्या नोंदणीला संस्था नोंदणीच्या 1860 च्या कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. सातही एकाच घरचे नकोत. उद्देशांत पक्षाचं काम लिहू नका. राजकीय हेतू धर्मादाय धरत नाहीत, फाइल तिथेच अडकते. मग राजकारण कुठे राहिलं, असं पोरं विचारतील. अरे, मतदार यादी काय आहे मग? नवं नाव नमुना 6, पत्ता बदल नमुना 8. महापालिकेची प्रभागाची यादी विधानसभेच्या यादीतूनच फोडतात, आणि फोडताना अख्खी चाळ शेजारच्या प्रभागात जाऊन पडते. प्रारूप यादी लागली की खोलीवार ताडून बघा, मुदतीत हरकत घ्या. मतदानाच्या दिवशी ओरडून काय उपयोग? तेही वहीत.

पैशाचं थोडक्यात: खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या, क्रमांकाचं पावती पुस्तक, आणि कॅरम बोर्ड घेऊन येणाऱ्या निवडणुकीतल्या इच्छुकाला चहा पाजून परत पाठवायचं. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. मंडळं इथेच मरतात: कागदावर जुनी नावं राहतात, दोन गट भांडतात, बँक कुणाचीच सही घेत नाही. बैठकीचं इतिवृत्त त्याच रात्री लिहून सह्या घ्या.

म्हातारा कागदांत अडकलाय, अण्णांनी कुठे वही ठेवली होती, असं कुणीतरी म्हणेलच. नव्हती ठेवली. सगळं त्यांच्या डोक्यात होतं, आणि आम्हा बरोबरीच्यांपैकी कुणालाही ते लिहून घ्यायचं सुचलं नाही. आज कुणाचा अर्ज कुठे पडलाय, सांग बरं? म्हणून मी वही वही करतोय. कंटाळलीस तरी चालेल.

नाव वापरायला वहिनींची लेखी संमती लागेल, त्यासाठी जाशीलच. तेव्हा अण्णांची शबनम पिशवी माग. आतल्या चिठ्ठ्या तारखेने लाव आणि वहीची पहिली पानं त्या चिठ्ठ्यांनीच भर.

तुझा,
काका