सिरीज मोटर रिकामी फिरवू नकोस

डीसी मोटरचे प्रकार पाठ करत बसू नकोस. फील्डचं वाइंडिंग (चुंबकीय क्षेत्र तयार करणारी तारेची गुंडाळी) आर्मेचरशी, म्हणजे फिरणाऱ्या भागाशी, कसं जोडलंय तेवढं बघ. सिरीजला (दोन्ही एकापाठोपाठ जोडलेले) जाड तार, मोजके वेढे. शंटला (दोन्ही समांतर जोडलेले) बारीक तार, भरपूर वेढे. उघडल्यावर नजरेनेच कळतं.

सिरीज मोटर सुरुवातीलाच दणकून टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. मुंबईची लोकल १९२५ पासून कित्येक दशकं १५०० व्होल्ट डीसीवर धावली ती हिच्याच जिवावर. पण लोड निघाला की वेग बेफाम वाढतो आणि आर्मेचरचं वाइंडिंग उखडून बाहेर येऊ शकतं. म्हणून हिला पट्टा लावायचाच नाही. गिअर किंवा थेट कपलिंग. पट्टा तुटायला वेळ लागत नाही!

शंटचा वेग लोडखाली फारसा पडत नाही, लेथला तीच बरी. मात्र चालू असताना फील्डची वायर सुटली तर तीही उधळते. कंपाउंड, म्हणजे सिरीज आणि शंट दोन्ही वाइंडिंग असलेली, प्रेस मशीनला.

तुझ्या हातात आधी येईल ती परमनंट मॅग्नेटवाली: वायपर, खेळणी. दोन वायरी अदलाबदल केल्या की उलटी फिरते. ठिणग्या फार दिसल्या तर आधी कार्बन ब्रश बघ, मग ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर, म्हणजे आर्मेचरमधल्या करंटची दिशा बदलणारं तांब्याचं कडं. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) पंख्यात मात्र ब्रश शोधू नकोस, तिथे ते काम सर्किट करतं.